उजवी बाजू सोजराबाईची

तुम्हाला सगळं येतं ना? मग एक सांगा. तुमच्या घरात असं एखादं काम आहे का, जे तुम्हाला निम्मंच येतं, उरलेलं निम्मं बायकोला येतं, आणि दोघांतलं एक उठून गेलं की काम जागच्या जागी बंद पडतं? नसेल, तर तुम्ही जळबा आणि सोजराबाईला ओळखत नाही.

गोष्ट चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर सालापासूनची. वसमतच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्यांची रांग बसायची. व्हरांड्याच्या सावलीतल्या जागा जुन्या लिहिणाऱ्यांच्या, बापाकडून पोराकडे आलेल्या. जळबा बौद्ध वस्तीतला. त्याचं बाकडं सावली संपते त्याच्या पुढं दोन हात. सावलीचं वाटपसुद्धा जात बघून होतं हे कुणी तोंडानं बोलत नाही. बाकडं कुठं टाकलंय ते बघितलं की समजतं.

बाकड्यापुढं लाकडी खोकं, खोक्यावर काळं, जुनं मराठी टायपिंग मशीन. बाकड्यावर डावीकडं जळबा, उजवीकडं सोजराबाई. मशीन एक आणि टाइप करणारी माणसं दोन. खेड्यातून पहिल्यांदा आलेला माणूस आधी बघतच राहायचा, मग शेजारच्याला विचारायचा, "हे काहून असं?"

काहून, ते ऐका.

जळबा मॅट्रिकला बसला आणि पडला. पण पडून राहिला नाही. नांदेडला जाऊन टायपिंग शिकला, एका वकिलाचं टाकून दिलेलं मशीन मिळवलं आणि कचेरीपुढं बसला. डोकं भडक, हात झपाझप. अर्ज लिहून घ्यायला आलेल्या माणसाला कुणी "थांब रे" म्हटलं, तर हा मधे पडायचा, "त्याला अहो म्हण. तो काय तुझा गडी हाय का?" अशानं गिऱ्हाइकं वाढली आणि दुष्मनही वाढले.

मग एकदा वारंगा फाट्यावरून ट्रकच्या हौद्यात उभा राहून येत होता. उजव्या बाजूच्या फळीवर कोपर टेकवलेलं. समोरून दुसरा ट्रक अंग घासून गेला. उजवा हात कोपरापासून गेला. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आला तेव्हा सोजराबाईनं आल्या आल्या विचारलं, "लई दुखतंय का?" तर म्हणाला, "हात दुखत न्हाई. न्हाई त्या हाताची बोटं दुखून राहिली."

जखम भरल्यावर त्यानं पुन्हा बाकडं टाकलं. पण टाइप करणाऱ्याचा प्रत्येक हात आपापली बाजूच शिकलेला असतो. जळबाच्या डाव्या हाताला डावीकडची बटणं पाठ होती. उजवीकडं गेला की तो हात परगावी आल्यासारखा करायचा. शोधायचा, अडखळायचा, भलतंच दाबायचा. बटणांवरची अक्षरं तर कधीच पुसून गेली होती. बघून दाबावं म्हटलं तरी बघायला काही नव्हतं. एका ओळीला इतका वेळ लागायचा की गिऱ्हाईक उठून सावलीत जायचं. तिथून एकानं सल्ला दिला, "जळबा, आता चहाची टपरी टाक." जळबानं त्याला पायातली चप्पल फेकून मारली. ती लागली नाही, पण हातानं नेम चुकला म्हणून त्याला जास्त वाईट वाटलं.

सोजराबाई माहेरची कुरुंद्याची. तिसरी शिकलेली. हळद शिजवायच्या दिवसात कामाला जायची, एरवी शेतात निंदायला. ती दुपारी भाकर घेऊन आली आणि बाकड्यावर मोकळी जागा होती तिथं, म्हणजे नवऱ्याच्या उजवीकडं, टेकली. जळबा मशीनवर वाकून पुटपुटत होता, "काना कुठं गेला? काना..." सोजराबाईनं सहज समोरचं एक बटण दाबलं. कागदावर काना उमटला.

"हा का?"

जळबानं तिच्याकडं बघितलं. "व्हय. मी दाब म्हणलो की दाब."

त्या दिवशी सोजराबाई फक्त काना दाबत होती. पुढं 'र' आला, 'स' आला. वर्षभरात अख्खी उजवी बाजू तिची झाली. जळबा सांगायचाही बंद झाला. गिऱ्हाईक आपली तकलीफ सांगायचं, जळबा त्याचं एक नीट वाक्य करून मोठ्यानं म्हणायचा, आणि दोन माणसांचे दोन हात चालू लागायचे. ज्याचं अक्षर त्याचं बोट. डावीकडचं एकही बटण सोजराबाईला ठाऊक नव्हतं. ती त्याला शेजाऱ्याचं अंगण म्हणायची.

आता, या मशीनची घडण कुणी केली देव जाणे, पण करणाऱ्यानं कधी अर्ज टाइप केला नसावा. रोज लागणारं अक्षर करंगळीला, आणि वर्षातून एकदा लागणारं ऐन मधल्या बोटाखाली. एक चिन्ह तर पार वरच्या कोपऱ्यात, माळ्यावर ठेवलेल्या डब्यासारखं. त्यात दोन बटणं एकदम दाबली की आतल्या दोन दांड्या वर येऊन एकमेकींत अडकायच्या. एकट्या माणसाकडून असं क्वचित होतं. दोघांकडून सारखं व्हायचं. आणि दांड्या अडकल्या की खाली भांडण सुरू.

"वेलांटी माझी आधी लागती. मग तुमचं अक्षर. घाई काहून करून राहिले?"

"घाई मी करतो? भाकर थापल्यावानी मारती तू."

"थापता येती म्हणून तर हात चालतोय. तुमचा बघा जरा."

सावलीतले लिहिणारे हसायचे. नवरा-बायको एका वाजवायच्या पेटीवर बसल्यासारखे दिसतात म्हणून त्यांनी दोघांना 'पेटीवाले' नाव पाडलं होतं. एक जण तिकडून ओरडायचा, "आज कोणता राग लावला, पेटीवाले?" सोजराबाई मान वर न करता म्हणायची, "मालकाचा लागलाय. जवळ येऊ नगा."

हळदीच्या दिवसात तिची बोटं पिवळी असायची आणि अर्जाच्या कडेला पिवळे ठसे उमटायचे. कारकून म्हणाला, "बाई, हा अर्ज आहे का लग्नपत्रिका?" ती म्हणाली, "पत्रिका समजा साहेब, म्हणजे वेळेवर उघडून तरी बघसाल."

अडकलेल्या दांड्या सोडवायचं काम जळबाचं. आणि आणखी एक काम त्याचं होतं, ते तो कुणाला करू देत नसे. ओळ संपत आली की मशीन टिंग करतं आणि डाव्या अंगाची लिव्हर ढकलली की कागद वर सरकून नवी ओळ सुरू होते. ही लिव्हर जळबा ढकलायचा. ढकलताना त्याची मान ताठ व्हायची. ओळ कुठं मोडायची ते तो ठरवायचा. एका हाताचा माणूस दिवसभरात किती वेळा लोकांपुढं पुरा दिसतो? जळबा प्रत्येक ओळीला एकदा दिसायचा.

मशीन बिघडलं ते एका भल्या माणसाच्या मायेनं. वारंगा फाट्याच्या अलीकडं बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथला प्रेमसिंग तांड्यावर शाळा मागायला अर्जामागून अर्ज टाइप करून घेत होता. गडी बैलगाडीत वाढलेला. एका बाजारच्या दिवशी नवरा-बायको चहाला गेले असताना तो मशीनजवळ बसून होता. येताना त्यानं घाण्यावरून करडीचं तेल घेतलं होतं. त्यानं मनात म्हटलं, हे बिचारं किती कुरकुरतं. गाडीच्या आखाला वंगण घालतात तसं त्यानं मशीनच्या पोटात चांगलं धार धरून तेल सोडलं.

जळबा आला तर प्रेमसिंग बाटलीला बूच लावत होता. "जळबाभाऊ, आता बघ. लोण्यावानी चालतंय."

आणि चाललंही. त्या दिवशी खरंच लोण्यासारखं चाललं. प्रेमसिंग खूश होऊन तांड्यावर गेला. पण करडीचं तेल हवेनं चिकट होतं, आणि वसमतच्या वाऱ्यात हळदीची धूळ. आठवडा गेला आणि बटण दाबलं की खालीच बसायला लागलं. आतमध्ये पिवळा डिंक झाला होता. सोजराबाई म्हणाली, रॉकेलनं धुऊ. जळबाला धीर कुठला! त्यानं अडकलेल्या बटणांवर मूठ मारली. एकदा मारली, दुसऱ्यांदा मारली. आत काहीतरी कट्‌कन वाजलं.

मिस्त्रीनं उघडून बघितलं. "तेल निघालं असतं," तो म्हणाला. "मूठ निघत न्हाई." दांड्या तुटल्या होत्या, आणि त्या जातीच्या मशीनचे भाग येणं बंद होऊन जमाना झाला होता.

प्रेमसिंगला समजलं तेव्हा तो बाकड्यापुढं खाली मातीत बसला. "वैनी, पाप झालं माझ्या हातनं."

"उठा," सोजराबाई म्हणाली. "तुमी तेल घातलं, ह्यांनी ठोसा घातला. दोघं मिळून नांदेडला चला आता, नवं बघायला."

पैसे कसे उभे राहिले ते सांगत बसत नाही. वस्तीनं दिले, तांड्यानं दिले, आणि त्याची वाच्यता करायची नाही असं सोजराबाईनं बजावून ठेवलं होतं.

वाटभर बसमध्ये जळबाला एकच भीती होती. नवं मशीन कसं असेल याची नाही. नव्या मशीनवर आपल्याला जागा असेल का, याची. हे तो बोलला नाही. तो फक्त म्हणाला, "जुन्यासारखंच मिळालं तर घ्यायचं. न्हाई तर माघारी."

दुकानदाराचं नाव व्यंकटराव. माणूस वाईट नव्हता, बोलायला गोड होता आणि ऐकायला कच्चा. त्यानं आधी एक छोटं, पेटीत घालून न्यायचं मशीन दाखवलं. प्रेमसिंगला ते फार आवडलं. "हे तांड्यावरबी नेता येतंय!" पण दोघं त्यापुढं बसले तर कोपराला कोपर. बटणं इतकी दाटीनं की सोजराबाईचं बोट तिच्या अक्षरावर आणि तिचा अंगठा नवऱ्याच्या अक्षरावर.

"हे एका माणसाचं हाय," ती म्हणाली. "तेबी बारक्या."

मग कोपऱ्यातलं एक जुनं मशीन. जळबानं हात ठेवला आणि त्याचा चेहरा फुलला. तीच घडण, तीच जागा, बोटं आपोआप पडत होती. सोजराबाईनंही काना दाबून बघितला. होता तिथंच होता. पण व्यंकटराव खरं बोलला. "हे देतो, पण सांगून देतो. दांड्या झिजल्यात. चार महिने चालेल, सहा चालेल. मोडलं की भाग मिळणार नाहीत. नंतर मला शिव्या देऊ नका."

तिसरं नवं कोरं. रुंद, दणकट, बटणांवर पांढरीशुभ्र अक्षरं. जळबानं न बघता एक ओळ टाइप करायला घेतली, सोजराबाईनं आपली बाजू धरली. रोजचंच वाक्य, 'मेहेरबान तहसीलदार साहेब यांस'. लिव्हर ढकलून दोघांनी कागदाकडं बघितलं. कागदावर मेहेरबान नव्हता, तहसीलदारही नव्हता. कुठल्या भाषेतली शिवी असावी असं काहीतरी होतं.

"कीबोर्ड बदललाय," व्यंकटराव म्हणाला. "आमच्याकडं आता नवीन सगळी अशीच येतात. पुष्कळशी अक्षरं इकडची तिकडं गेलीत."

जळबानं बटणांवर नजर फिरवली. त्याची बरीचशी अक्षरं पलीकडं, सोजराबाईच्या बाजूला जाऊन बसली होती. तिचा काना इकडं त्याच्या बोटाखाली आला होता.

आणि इथं व्यंकटरावनं ते वाक्य टाकलं. चांगल्या मनानंच टाकलं. "बाई, नाहीतरी नवीन शिकायचंय. तुम्हाला दोन हात आहेत. एकट्याच शिका ना पूर्ण. यजमानांना घरी आराम."

जळबा उठला. दुकानाच्या बाहेर गेला आणि फुटपाथवर रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. प्रेमसिंग मागं जायला निघाला तर सोजराबाईनं त्याला हातानं थांबवलं आणि व्यंकटरावकडं वळली.

"शेठ, तुमच्या दुकानात सामान कोण देतंय?"

"मी देतो."

"आन् हिशेब?"

"मुलगा बघतो."

"तुमाला दोन हात हायेत की. एकट्यानंच करा ना. पोराला घरी आराम."

ती बाहेर आली.

"जुनं घ्यायचं," जळबा रस्त्याकडं बघतच म्हणाला.

"सहा महिन्यांनी मोडतंय ते."

"मोडू दे. सहा महिने तर माझे हायेत."

आपला नवरा इतकं उघडं कधी बोलत नाही हे सोजराबाईला ठाऊक होतं. ती म्हणाली, "म्या एकटीनं शिकावं असं वाटतंय तुमाला?"

"वाटून काय? शिकसीलच. तुला जड न्हाई."

"न्हाईच जड. शिकन बी. काहून शिकू नये?" तिचाही आवाज चढला. "पर वाक्य कोण करंल? तुमच्याकडं माणूस रडत येतंय आन् साहेबापुढं ताठ उभं राहील असा कागद घेऊन जातंय. ते बटणात हाय का? माझी बोटं चालत्यात, तोंड न्हाई चालत तसं. चला आत. एक दाखवायचंय."

तिनं त्याला पुन्हा मशीनपुढं बसवलं. मात्र तिनं एक भलतंच केलं. आपल्या रोजच्या, उजवीकडच्या जागेवर त्याला बसवलं आणि स्वतः डावीकडं गेली.

"तुमची अक्षरं तिकडं गेली ना? मग तुमी बी तिकडं जा."

जळबानं डावा हात पुढं केला. आणि तो थबकला. हात सरळ गेला होता. एवढी वर्षं डाव्या टोकाला बसून तो डावा हात स्वतःच्या अंगावरून वळवून मशीनवर आणत होता, खांदा पिळत होता, आणि रोज संध्याकाळी सोजराबाई तो खांदा तेल लावून चोळत होती. बसल्या जागेचा काही दोष असेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. डावा हात म्हणून डावी बाजू, झालं. सोजराबाईची तऱ्हा उलटी, उजवा हात आडवा घालून. आता त्याचा डावा हात आणि तिचा उजवा हात मशीनवर शेजारी शेजारी, आपापल्या वाटेनं आले होते.

प्रेमसिंग म्हणाला, "बैल उलटे जुपले होते की तुमी!"

"आन् एवढी वर्षं गाडी चालली," सोजराबाई म्हणाली.

जळबा हसला नाही. त्याची नजर मशीनच्या डाव्या अंगाला गेली होती. लिव्हर तिच्याकडं गेली होती. त्याच्या जागेवरून हात पोचत नव्हता.

"आन् ओळ?" त्यानं विचारलं. "ओळ कोण मोडणार?"

सोजराबाईला समजलं. ती चेष्टा करू शकली असती. तिनं केली नाही.

"मी मोडीन," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? लिव्हर इकडंच हाय. तुमाला जड जाईल. पर तुमी बोलत असताल तिथवर मी हात लावणार न्हाई."

व्यंकटराव उगाच काउंटर पुसत होता. मग जळबानं नव्या बटणांकडं वाकून बघितलं आणि पहिलीतल्या पोरासारखं एक एक अक्षर मोठ्यानं वाचायला लागला. चौथ्या-पाचव्या अक्षराला तो चिडून म्हणाला, "हे कोणत्या गाढवानं इथं ठेवलं?" तेव्हा सोजराबाईनं व्यंकटरावला सांगितलं, "हेच बांधा."

नंतरचे दिवस सोपे गेले असं कुणी सांगितलं तर तो खोटारडा. दोघंही शून्यावर आले होते. अर्जात इतक्या खाडाखोडी की कारकुनानं कागद दोन बोटांत धरून परत केले. सावलीतून आवाज यायचे, "पेटी नवी, सूर जुने गेले वाटतं!" जळबा चवताळून उठायचा आणि सोजराबाई त्याच्या सदऱ्याचं टोक धरून खाली बसवायची. गिऱ्हाइकं पांगली. प्रेमसिंग मात्र हटला नाही. शाळेचा अर्ज इथंच टाइप होणार म्हणून तो सकाळी यायचा, झाला नाही की फाट्याकडं परत, दुसऱ्या खेपेला पुन्हा हजर. कुणी विचारलं तर सांगायचा, "पाप फेडून राहिलो."

लिव्हरपाशी सुरुवातीला रोज अडायचं. टिंग झालं की जळबाचा हात सवयीनं उठायचा आणि हवेत थांबायचा. सोजराबाई बघायची, बघितलंच नाही असं सोंग करायची नाही. ती थांबायची. तो वाक्य पुरं करायचा, तिच्याकडं बघून मान हलवायचा, मग ती लिव्हर ढकलायची. कधी तो बोलण्याच्या भरात मान हलवायलाच विसरायचा. मग ती म्हणायची, "मालक, कागद संपला, तुमचं भाषण उरलं."

असं करता करता एका दुपारी प्रेमसिंगचा अर्ज एका दमात झाला. एकही दांडी अडकली नाही. खाडाखोड नाही. सोजराबाईनं कागद ओढून काढला आणि नवऱ्यापुढं धरला. जळबानं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाला, "तिसरी ओळ लई लवकर मोडली तू."

"दम लागला व्हता तुमाला," ती म्हणाली. "म्हणून मोडली."

जळबानं पुन्हा वाचलं. "मोडली ते बराबर केलं," तो म्हणाला आणि कागद प्रेमसिंगच्या हातात दिला. संध्याकाळी त्यानं खांदा चोळायला पुढं केला नाही. सोजराबाईनंही तेलाची वाटी काढली नाही. दोघं आपली दारात बसून उद्या कोण कोण येणार ते बोलत राहिली.

शाळा अजून आलेली नाही. येईल, नाही आली तर आणखी अर्ज होतील, आणि नुसते अर्ज करून भागलं नाही तर आम्ही वस्तीतले, तांड्यातले सगळे कचेरीत जाऊन बसू, ती गोष्ट वेगळी. तुमचंही काही ना काही सरकारदरबारी अडलेलं असणारच. तेव्हा एक करा. वसमतला जा, सावली संपते त्याच्या पुढं दोन हात त्यांचं बाकडं आहे, तिथं बसा, आणि अर्ज त्या दोघांकडूनच टाइप करून घ्या. वेळ लागला तर लागू द्या. जळबा बोलत असेल आणि सोजराबाई हात उचलून थांबली असेल, तेव्हा तेवढी घाई करू नका.